एकाही कामगाराचं काम गेलं नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या लघुउद्योजक संघटनेचे प्रमुख आणि पत्र्याच्या मिलचे मालक, माननीय बाबारावजी चरडे. कूलरच्या ज्या कारखान्यातून आज एका माणसाला निरोप दिला जातो आहे त्या कारखान्याचे मालक, आदरणीय वसंतसेठ कुंभलकर. गोड आवाजात सूत्रसंचालन करणाऱ्या मोनालीताई. आजचे सत्कारमूर्ती धम्मानंदकाका गोंडाणे. पहिल्या रांगेत बसलेल्या प्रेमिलाकाकू. आणि पाळी सुटल्यावर हातपाय धुऊन थेट या सभागृहात आलेले माझे सगळे कामकरी भाऊ आणि बहिणी, तुम्हां सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी दुर्गेश. काकांच्या हाताखाली दोन हंगाम काढले. कामगारांच्या वतीनं मला बोलायला सांगितलं आहे, म्हणजे खरं तर वाचायला सांगितलं आहे. हा कागद दिला आहे हातात. वर लिहिलं आहे 'दोन मिनिटे', आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत. सुरुवात छान आहे. "वयपरत्वे शरीर थकते आणि विश्रांती गोड वाटू लागते." ज्यानं हे लिहिलं, त्यानं काकांना परवा सकाळी पत्र्याची अख्खी शीट एकट्यानं पलटवताना पाहिलेलं दिसत नाही. मी दुसरं टोक धरायला धावलो, तर मला म्हणाले, "सरक गा तिकडं, बोट कापून घेशीन."

तर कागद मी खिशात ठेवतो. मोनालीताई, घाबरू नका, माइक परत देईन.

तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर संघटनेची स्मरणिका ठेवली आहे. गुळगुळीत कागद आहे, वारा घ्यायला बरी पडते. तिचं तिसरं पान उघडा. अध्यक्षांचा फोटो सोडा, त्याखाली वाचा. "परदेशी पोलादावर शुल्क लागल्यामुळे देशाच्या अर्थव्यवस्थेला बळ मिळाले असून आपल्या औद्योगिक वसाहतीत त्यामुळे एकाही कामगाराचे काम गेले नाही." ही स्मरणिका दिल्लीलाही जाणार आहे म्हणे. जाऊ द्या. पण दिल्लीच्या आधी ती आपल्या हातात आली आहे, तर दोन शब्द आपणही बोलून घेऊ.

मी काही शिकलेला माणूस नाही. आयटीआय अर्ध्यात सोडलं. मग मौद्याला वीजकेंद्रात एका ठेकेदाराकडे पाइपांना काचेची लोकर गुंडाळत होतो. ती अंगाला अशी खाजते की बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहतो. मग रायपूरच्या बाजूला एका मिलमध्ये चार महिने. तिथली गोष्ट सांगतो, म्हणजे मी कोण्या परदेशाचा वकील आहे असं कोणी म्हणू नये. एका सोमवारी गेलो, तर गेटला कुलूप. बाहेरून इतकं स्वस्त पोलाद आलं की मालकाला भट्टी पेटवणं परवडेना. आम्ही दोनशे माणसं गेटसमोर उकिडवी बसलो. डबे तर आणलेलेच होते, मग जेवणाच्या वेळेला सगळ्यांनी तिथंच उघडले. एकानं मला करवंदाचं लोणचं दिलं, ते असं काही मुरलेलं होतं की... असो. सांगायचं हे, की त्या गेटसमोर जेवलेला माणूस शुल्काचं नाव ऐकून नाक मुरडणार नाही. भट्टीही जगली पाहिजे.

पण भट्टी जगवायची किंमत कोणाकडून घेतली, हे स्मरणिकेत कुठं आहे? मी मागचं पान पण पाहिलं. तिथं मिलची जाहिरात आहे.

आता दसऱ्याचं ऐका. कूलरच्या धंद्यात दसऱ्याला हंगामाचा भाव देतात. कटरला झेंडूची माळ, हातोड्यांना हळदकुंकू, आणि त्या अवजारांसमोर मालकानं दुकानदारांना भाव सांगायचा. लेखी काही नाही. पण एकदा बोलला की उन्हाळा संपेपर्यंत बदलायचा नाही. बदलला तर पुढच्या दसऱ्याला त्याच्या दारात कोणी पेढा खायला येत नाही. या गेल्या दसऱ्याला सकाळी बाबारावजींचा माणूस निवेदन घेऊन आला: बाहेरच्या पोलादावर शुल्क लावा. वसंतसेठनं माळ घातलेल्या कटरशेजारी बसून सही केली. आणि दुपारी त्याच टेबलावर बसून दुकानदारांना जुन्याच पत्र्याच्या हिशोबानं अख्ख्या हंगामाचा भाव दिला.

हसा, हसा. सकाळी आपलाच पत्रा महाग करा म्हणून अर्ज, दुपारी कूलर स्वस्तात देतो म्हणून शब्द. मध्ये फक्त जेवण झालं होतं. पुरी आणि कोहळ्याची भाजी. मीही जेवलो, आणि सहीही केली. जगात दुसरीकडे कुठं असा कारागीर असेल, मला माहीत नाही. मी बरंच फिरलो आहे.

काकांची सही तेवढी नव्हती. त्या दिवशी काका आणि काकू दीक्षाभूमीवर असतात, लोकांना पाणी देतात, दरवर्षी. दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा सेठनं कागद पुढं केला.

काका म्हणाले, "शुल्क लागलं तर आपला पत्रा सस्ता होईन का महाग?"

"काका, देशाचा प्रश्न हाय."

"देशाचाच इचारून राहिलो. कूलर देशातलेच लोक घेतेत ना?"

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी. सेठ म्हणाले, "तुमची जागा कोरी राहू द्या, काही अडत नाई." खरंच काही अडलं नाही. सगळ्या वसाहतीतून एकच जागा कोरी गेली.

दिवाळीच्या स्नेहमिलनात, याच सभागृहात, बाबारावजी उभे राहिले होते. मी मागं चिवड्याच्या टेबलापाशी होतो, पण ऐकत होतो. शेवग्याची शेंग टाकलेला चिवडा मी तिथं पहिल्यांदा पाहिला, ती कल्पना कोणाची होती कळलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "काही लोक भीती दाखवून राहिले की शुल्कामुळं छोट्यांचं काम जाईन. मी शब्द देतो. या वसाहतीत शुल्कामुळं एकाचंही काम गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्याले माझ्या मिलमध्ये काम." टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या.

वर्ष सरता सरता शुल्काची बातमी आली. पेढे वाटले. पंधरा दिवसांत मिलचा नवा भाव आला. वसंतसेठचे हात ग्रीसमध्ये होते म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर लावला, त्यामुळे आम्हां सगळ्यांचं शिक्षण झालं.

"काहून गा, भाव काहून वाढवला? तुमचं पोलाद तं इथलंच हाय ना?"

मिलच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "इथलंच हाय, सेठ. पण बाहेरचं महाग झालं ना."

"मंग त्यानं तुमचं काय बिघडलं?"

"बिघडलं काहीच नाई, सेठ. सुधारलं."

या माणसाला मी अजून पाहिलेलं नाही, पण माझा त्याला नमस्कार आहे. मोठमोठे लोक टीव्हीवर बसून तासभर जे सांगू शकत नाहीत, ते त्यानं एका शब्दात सांगितलं. मिलवाल्यासाठी भिंत घातली, भिंतीचा खर्च कूलरवाल्यानं दिला, आणि मिलवाला भिंतीआड बसून म्हणाला, आता बाहेर कुठं जाता, घ्या इथूनच. मिल एक. तिच्या पत्र्यावर जगणारे कूलरवाले, कपाटवाले, पेट्यावाले, शटरवाले किती, ते या सभागृहातल्या खुर्च्या मोजल्या तरी कळेल. अध्यक्षांच्या हिशोबात मात्र देश मिलच्या गेटपाशी सुरू होतो आणि मिलच्या कुंपणापाशी संपतो.

आता सेठची अडचण झाली. पत्रा वाढला, भाव अवजारांसमोर दिलेला. त्यांनी एक पातळ शीट आणून पाहिली. काकांनी तिच्यावर बोटाचं पेर वाजवलं आणि म्हणाले, "याचा टब दुसऱ्या उन्हाळ्यात गळन. माह्या हातून नाई होणार." सेठला राग आला, पण पातळ पत्रा परत गेला. सेठलाही लाज आहे, हे मी इथं मुद्दाम सांगतो. मग कारखान्यात तयार प्लास्टिकचे सांगाडे येऊ लागले. आत मोटर बसवा, पंप बसवा, झालं. पत्रा वाकवायचं यंत्र ताडपत्रीखाली गेलं. आणि आज काकांना भेट काय दिली आहे? ते पहा कोपऱ्यात, लाल रिबीन बांधलेलं. प्लास्टिकचा कूलर! एकोणतीस वर्षं ज्यानं पत्र्याचे कूलर बनवले, त्याला. ज्याला सुचलं, त्याचाही सत्कार व्हायला हवा होता.

हसू नका आता. आता जे खरं सांगायचं आहे ते सांगतो.

मागच्या शुक्रवारी सेठनं काकांना ऑफिसात बोलावलं. मी पंपाचा खोका ठेवायला आत गेलो होतो आणि निघालो नाही. टेबलावर टाइप केलेला कागद होता. "मी धम्मानंद गोंडाणे, वय छप्पन्न, प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने काम सोडत आहे."

काका म्हणाले, "माह्या प्रकृतीले काय झालं?"

सेठ खाली पाहून म्हणाले, "लिहायची पद्धत असते, काका."

"मी काम सोडून राहिलो का तुम्ही सोडवून राहिले?"

"काका, बाबारावजींचा माल उधारीवर येते. त्यांनी सांगितलं, असंच लिहून पाहिजे. मी काय करू?"

काकांनी वाद वाढवला नाही. मेघाचं, त्यांच्या मुलीचं, नर्सिंगचं एक वर्ष बाकी आहे. ते मला म्हणाले, "चाल, खोका ठेव अन् चाल."

मला तेव्हा काही समजलं नाही. आज खुर्चीवर स्मरणिका सापडली, तिसरं पान वाचलं, आणि समजलं. माणूस स्वतःच्या मर्जीनं गेला, तर शुल्कामुळं गेला असं होत नाही. शुल्कामुळं कोणी गेलाच नाही, तर दिवाळीत दिलेला शब्द पाळायला कोणी उरतच नाही. काय सुंदर योजना आहे! शुल्क यांनी मागितलं, भाव यांनी वाढवला, काम काकांचं गेलं, आणि मर्जीही काकांचीच! अध्यक्षसाहेब, शाल आणि नारळ तेवढे तुमच्याकडून. त्याबद्दल सर्व कामगारांच्या वतीनं आभार.

मोनालीताई, मला खूण करू नका, मी संपवतोच आहे. तो मखमली फोल्डर व्यासपीठावर ठेवला आहे ना, त्यात तो कागद आहे. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे, 'मनोगतानंतर राजीनामा सुपूर्द व छायाचित्र'. म्हणजे माझं झालं की काकांनी हसत सही करायची आणि फोटो काढायचा. तो फोटो पुढच्या स्मरणिकेत येईल. काका, दसऱ्याला तुम्ही एक जागा कोरी ठेवली होती आणि मी हसलो होतो. त्याची माफी मी चारचौघांत मागतो. बाकी मी तुम्हाला काय सांगणार. सही करायची की नाही, ते तुमचं तुम्ही...

काय म्हणता? पेन? घ्या, माझा घ्या.

थांबा, मागच्यांना दिसत नसेल, मी सांगतो. काकांनी फोल्डर उघडला आहे. उभे राहूनच लिहून राहिले. "प्रकृतीच्या कारणास्तव" खोडलं. "स्वेच्छेने" खोडलं. वर काहीतरी लिहून राहिले... काकू, तुम्ही कशाला उठल्या, बसा, काही भांडण नाही. "पत्रा महागल्यामुळे मालकाने काम बंद केले म्हणून." आणि खाली सही. झाली सही! वसंतसेठ, तुमची सही राहिली. काका पेन तुमच्यापुढं धरून उभे आहेत.

सेठनं पेन घेतला आहे. अध्यक्ष त्यांच्याकडे पाहून राहिले. सेठ, तिकडं पाहू नका, कागदाकडं पाहा. ...केली. लोकहो, सेठनं सही केली! वाजवा टाळ्या, त्यांच्यासाठीही वाजवा, त्यांना महागात पडणार आहे.

माननीय अध्यक्ष, माननीय वसंतसेठ, मोनालीताई, सभागृह देणारी संघटना, मागं चहा करणाऱ्या बाया, सर्वांचा मी आभारी आहे. दोन मिनिटांची पंधरा झाली. बोलता बोलता कुठं धार लागली असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मला मोठ्या मनानं पदरात घ्या. मी भटका माणूस, उद्या दुसऱ्या गावी असेन. काका इथंच राहणार आहेत, म्हणून त्यांचं काम आधी होऊ द्या. त्यांना अध्यक्षांना एक प्रश्न विचारायचा आहे. काका, माइक घ्या. नको? बरं, मीच सांगतो.

काका विचारून राहिले, साहेब, उद्या तुमच्या मिलची सकाळची पाळी किती वाजता भरते?