डबा कोणी घासला

जमलेल्या सर्व मंडळींना नमस्कार. मॅट्रिकपर्यंत शिकले, पण चारचौघांत उभी राहून कधी बोलले नाही. म्हणून कागदावर लिहून आणलंय. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

परवा विमानतळावरून ह्यांचं सामान आलं. पत्र्याची ट्रंक एक. घोंगडी एक. खाकी सदरे दोन. पितळेचा डबा. डोंबिवली स्टेशनापासून हमालाने सहा आणे मागितले, चारांत आला. गमबूट नाही आले. ते सरकारी. आगीच्या बंबाशेजारी मांडलेले असायचे म्हणे, विजार वरून खोचून ठेवलेली. घंटा झाली की पाय घालायचे आणि धावायचं.

तुम्ही मला विचारायचात, तुमचे यजमान तिथे करतात तरी काय? सांगते. विमान उतरायला लागलं की हे बंबाशेजारी उभे राहत. ते थांबेपर्यंत बसायचं नाही. मग दुसरं विमान. पुन्हा उभे. पहाटे धावपट्टीवर चालत जाऊन खडे वेचायचे, घारी हाकलायच्या. मी म्हटलं, "म्हणजे मी तांदूळ निवडते, तेच की!" तर म्हणाले, "हो, पण तुझ्या खड्याने एकाचाच दात पडतो."

शेजारचे भाऊसाहेब समोर बसलेत. रागावू नका हं, भाऊसाहेब. तुम्ही एकदा ह्यांना म्हणालात, "आग तर लागत नाही, मग पगार कसला घेता हो?" आठवतंय हे काय म्हणाले? "चोर येत नाही म्हणून तुम्ही दाराची कडी काढून ठेवता का?"

आग शेवटपर्यंत लागली नाही. हे गेले ते दुपारी, असेच उभे असताना, छातीत कळ येऊन. विमान सुखरूप उतरलं, असं विमानतळाच्या पत्रात लिहिलंय.

चोवीस तासांची पाळी. दिवसाआड घर रिकामं. मूलबाळ नाही. एक पान मांडायचं, एकटीने जेवायचं. त्यात चातुर्मासात पूजा होईपर्यंत मौन, हा माझा लग्नापासूनचा नेम. हे निघायचे ते नेमके त्याच वेळी. दारातून म्हणायचे, "येतो गं." आणि "या" म्हणायला माझं तोंड बंद! मग स्वतःच माझा आवाज काढायचे, "या हो, लवकर या!" हसत हसत जिना उतरायचे.

त्या सकाळी "येतो गं" ऐकलं. पुढचं ऐकलं नाही. स्टोव्ह भरभर आवाज करत पेटलेला होता. हे बोललेच नाहीत, की मला ऐकू आलं नाही? मौन मोडून एक शब्द बोलले असते, तर देव रागावला असता का? तुम्हीच सांगा.

आणि तो डबा. हे कधी डबा घासून आणत नसत. खरकटाच आणायचे. हा आला राखेने घासलेला, लखलखीत. झाकण काढलं तर आत चिमूटभर साखर. परक्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे कुणाला तरी ठाऊक होतं. कोण तो? हे जेवले का त्या दिवशी? त्याच्याशी काही बोलले का?

तो आज इथे नाही. येणार कसा? आत्ताही बंबाशेजारी उभा असेल. त्यांचे अधिकारी कदमसाहेब आलेत. मघाशी मला म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी रजेवर होतो."

आता रिवाजाप्रमाणे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. पण माझी विनंती आहे, आज ते नको. माझ्या घरात मौन पुष्कळ झालं.

त्याऐवजी, कदमसाहेब, हे जबाबी कार्ड घेऊन जा. उत्तरासाठी माझा पत्ता मी घातलाय. ज्याने डबा घासला त्याच्या हातात द्या. म्हणावं, जेवले की नाही, काही बोलले की नाही, असेल ते दोन ओळींत लिही. वाईट असलं तरी लिही. पोस्टमन पूजेच्या वेळी आला तरी चालेल. त्याने हाक मारावी, मी ओ देईन. तेवढं उलट टपाली कळवा.