मावळतीची बाजू

खिडकी चुकलेली नाही गं पोरी, माझ्या बापानं जिथं ठेवली तिथंच आहे ती. तिच्यातून द्राक्षाचा मळा दिसतो, मळ्यापलीकडे विमानतळाचं कुंपण, आणि मान बाहेर काढलीस तर उगवतीकडचा समुद्रही दिसेल थोडा — तोही समुद्रच आहे. फोटोत जो बुडता सूर्य दिसला त्याचं मला नको विचारूस, फोटो माझ्या मुलानं टाकलेत. आईच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या आणि फोटो काढायचा मावशीच्या गच्चीवरून! मी म्हटलं, याकोवोस, लोक येऊन शिव्या देतील. तर म्हणतो, आई, बेट तर एकच आहे ना. बेट एकच आहे म्हणे. बस, बस तू, उभी कशाला? शाल न्यायला आलीस ना, शाल काही पळून जात नाही आणि कड्यावरच्या ईया गावाची बस अजून यायचीय. हे खा. मेलितिनिया आहेत, आत ताजं चीज आहे, मी सकाळीच भाजलीत. घे गं, आणखी घे, परातभर आहेत. कोणासाठी म्हणजे? अशीच केली. माणूस करत नाही का असंच?

तुम्ही सलोनिकीची, शहरातली माणसं, तुम्हाला वाटतं इथं सगळे कड्यावर बसून रोज सूर्य बुडताना बघतात. मी नाही बघत. माझ्या आयुष्यात मी बघितला असेल, नाही असं नाही, पण मुद्दाम बघायला म्हणून कधी गेले नाही. सूर्य काय, सगळीकडेच बुडतो. इथं मळ्यात मळ्याच्या वेळेला अंधार होतो, तेवढं पुरे आहे. आणि ती गर्दी! एकमेकांच्या खांद्यावर चढून लोक फोन वर धरतात आणि सूर्य गेला की टाळ्या वाजवतात — टाळ्या गं! कोणासाठी? स्मारोसाठी वाजवतात असं वाटतं मला कधीकधी. जणू तिनंच बुडवला.

स्मारो माझी बहीण. धाकटी. तू बसलेली असणार तिच्याकडे — कड्यावर, पवनचक्कीच्या अलीकडे, जिथं पायऱ्यांवर बोगनवेल पसरलीय आणि गच्चीत गरम पाण्याचं टाकं आहे, त्यात नवी लग्नं झालेली जोडपी डुंबत असतात. बसली होतीस ना? कॉफी छान असते म्हणतात. मी काही प्यायले नाही, मला तिथं बसवत नाही. का म्हणजे, जिथं ती जोडपी डुंबतात ना, तिथं आमच्या आईची शेरडं बांधलेली असायची. आतल्या खोलीत, जिथं आता पांढऱ्या चादरी आणि उशांवर फुलं ठेवतात, तिथं कोंबड्या. मला अजून वास येतो. लोक एवढे पैसे मोजून त्या वासात झोपतात आणि सकाळी वहीत लिहून जातात की स्वर्ग बघितला.

तुझ्या ध्यानात नाही येत. तुमच्याकडे नसेल असं. आमच्या बेटावर घर मुलीला जातं, मुलाला नाही. आणि मोठ्या मुलीला मोठं घर, चांगलं घर, चांगली जमीन — आजीचं नाव तिला आणि आजीचा वाटाही तिला. मी मोठी. तेव्हा चांगलं म्हणजे काय, तर हेच, गोनियातलं घर, दोन मजली, खाली दारूचं कोठार आणि मागं मळा. आणि कडा म्हणजे ज्याला जमीन नाही त्याची जागा. जमीन नाही, दगड घ्यायला पैसा नाही, मग कड्यातली भुसभुशीत माती खोदायची आणि आत शिरायचं. त्यात भूकंपानं सगळ्याला तडे गेले, निम्मी घरं खाली समुद्रात गेली. आईची तेवढी दोन भोकं उरली होती. ती स्मारोच्या वाट्याला आली. लग्नाच्या आधी ती माझ्या गळ्यात पडून रडली आहे, इथं, ह्या अंगणात. मी म्हटलं, रडू नको गं, तुझी भाजी मी पाठवत जाईन. आणि पाठवली मी! भोपळा पाठवला, डाळ पाठवली, उन्हाळ्यात टोमॅटोच्या टोपल्या पाठवल्या. बसच्या टपावर ठेवून पाठवायचे. तिचा नवरा खलाशी, वर्षातनं दोनदा घरी, ही एकटी त्या कड्यात भिंतींना चुना फासत बसायची. सगळ्या गावाला तिची दया यायची. मला तर सगळ्यांहून जास्त — मला किती बरं वाटायचं तिची दया करायला, तुला सांगते.

मग ते केस वाढवलेले परदेशी आले. पाठीवर पिशव्या, चपला तुटलेल्या. आमच्या मळ्याकडे कोणी ढुंकून बघेना. सगळे त्या भोकांत जाऊन पडले. जमिनीवर झोपायचे, आणि स्मारो त्यांना अंडी तळून द्यायची. आम्ही हसलो. माझा माणूस तर पोट धरून हसला, म्हणाला, तुझ्या बहिणीनं शेरडं काढली आणि माणसं बांधली. हस म्हणावं आता. तो गेला बिचारा, सुटला. त्याला हे टाकं बघावं लागलं नाही.

गुडघा? हो, गुडघा आहेच ना. कशानं म्हणजे, वेलींनी. आमच्या वेली उभ्या नसतात गं, वारा फोडून काढेल. जमिनीलगत गोल वळवाव्या लागतात टोपलीसारख्या, आणि द्राक्षं त्या टोपलीच्या आत. म्हणजे जन्मभर वाकायचं. स्मारो बघ कशी ताठ चालते. तीही म्हातारीच आहे, माझ्याहून फार लहान नाही, पण चढ चढते तर मागून तरणी वाटते. ती कशाला वाकेल? तिला वाकायचंच काय कारण आहे — लोक तिच्याकडे वाकून येतात, दारच ठेंगणं आहे. थांब, पाणी आणते. नको कशाला, गोड खाल्ल्यावर पाणी हवंच. — हे घे. काय बघतेस अशी? हो, उठले मी पटकन. गुडघा कधी धरतो, कधी सोडतो. आज सकाळी धरला होता. सकाळी फारच धरला होता, विचारू नकोस, देवळात जायचं होतं आणि मला जिना उतरवेना.

ईयाला. बाप्तिस्मा होता. माझ्या नातीचा. — अगं नाही, मनाला लावून घ्यायचं काय त्यात, गुडघा कोणाला सांगून येतो? मुलाचा फोन आला, सुनेचा आला, मी म्हटलं तुम्ही करा सगळं व्यवस्थित, माझी वाट बघू नका. ही परात? हो, तिथल्यासाठीच केली होती. म्हटलं ना तुला — असो. राहिली इथं. खा तू.

बरं, तू आता एवढं विचारतेस तर सांगते, आणि तू परवा जाशील आपल्या गावाला, तुझ्याबरोबर जाईल ते. याकोवोस तिच्याकडे असतो. स्मारोकडे. तिला मूलबाळ नाही, नवराही आता नाही, हा तिचं सगळं बघतो — खोल्या, नोकर, बँक. मळ्याकडे येतो तेव्हा बूट खराब होतील म्हणून कडेला उभा राहतो. सूनही तिथंच. बाळी जन्मली तेव्हा पहिली मांडीवर घेतली ती स्मारोनं, मी बसमध्ये होते. आणि मग ठरलं, बाप्तिस्म्याला बाळीला हातात धरायची ती स्मारोनंच, धर्माची आई तीच. मी म्हटलं बरं. का बरं म्हटलं? काय म्हणणार होते? बहीणच आहे. पण आमच्यात पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव लागतं. ह्यात विचारायचं काही नसतं. सूर्य उगवतो तसं ते असतं. माझ्या आजीचं मला लागलं, माझं तिला. अनेझिना. ह्या बेटाबाहेर ऐकूही येत नाही हे नाव, आणि बेटावरही आता म्हाताऱ्याच उरल्यात त्या नावाच्या. म्हणूनच तर —

तर मुलगा येतो आणि म्हणतो, आई, नाव आम्ही मावशीवर सोडलंय. पूर्वी असंच करत ना, धर्माची आई ठरवील ते नाव? ह्याला जुना काळ तेवढ्यापुरता आठवला. मी विचारलं, ती काय ठेवणार? म्हणाला, तिनं सांगितलं नाही, देवळातच सांगणार. हसत म्हणाला. मी काही दुधखुळी नाही. सगळं बेट बोलतंय — बेकरीवाली माझ्या तोंडावर म्हणाली, आता छोटी स्मारो येणार तर, म्हणजे हॉटेल कुठं जाणार ते ठरलंच. तिचं काय चुकलं? ज्याच्या मागं कोणी नाही, त्याला आपलं नाव कुणाच्या तरी अंगावर टाकून जावंसं वाटणारच. वर्षभर पोरीला घरात नुसती बाळी, बाळी म्हणतात, बाप्तिस्म्याआधी नाव घेत नाहीत ना. आणि मी दर वेळी तिला मांडीवर घेतलं की हळूच तिच्या कानात — जाऊ दे. म्हाताऱ्या माणसाला छंद असतात.

सांग ना, काय उरलं माझ्याजवळ? माझा वाटा मोठा म्हणून मी मान वर करून चालायचे, तो वाटा आता कोणी फुकट घेत नाही. मुलगा माझा, तो बूट सांभाळत तिच्याकडे पळतो. एक नाव होतं. त्याच्या जागी तिचं ठेवलेलं मी उभी राहून ऐकू? फुलं धरून, हसून? नाही जात म्हटलं. गुडघा धरलाय म्हटलं. धरलाच नव्हता, असं मी म्हणत नाही.

काय म्हणालीस? — आज दुपारी? कुठल्या देवळात? थांब, पायऱ्यांच्या वर, ज्याला दोन घंटा आहेत ते? बाळाला धरून कोण होतं, उंच, ताठ बाई, हिरव्या झग्यात? हिरवाच असणार, तिला तो शोभतो आणि ते तिला माहीत आहे. आणि तू आत शिरलीस? अगं कोणाच्याही बाप्तिस्म्यात शिरता तुम्ही लोक! — नाही, रागावले नाही. त्यांनी साखरेत घोळवलेले बदामही दिले असतील तुला. दिले. स्मारो देणारच, तिचा हात सढळ आहे, सगळे सांगतात. पूर्वी पोरं देवळातून धावत सुटायची घरी नाव सांगायला, जो आधी पोचेल त्याच्या हातावर नाणं. आता हे असं, एखाद्या पाहुणीच्या फोनमधून येतं. नको. मला नाही बघायचं. रात्री कळेलच. ठेव तो.

लाव.

आवाज वाढव, मला ह्या बाजूनं कमी येतं. — हा याकोवोस. किती बारीक झालाय. ती सून, ती रडतेय, ती लग्नातही रडली होती. आणि ती बघ, बाळी, तेल लावलंय, निसटेल अशी बाळी, नीट धर म्हणावं तिला. धरलंय. नीट धरलंय. हं, आता पाद्री विचारतोय — नाव काय. ही बोलत का नाही? सगळे थांबलेत. ही दाराकडे काय बघतेय? तोही बघतोय, याकोवोसही. कोण यायचं राहिलंय? पाद्री परत विचारतोय. बोल ना गं बाई, पोरीला थंडी भरेल —

परत लाव.

परत लाव म्हणते ना.

अनेझिना म्हणाली ना ती? तू ऐकलंस ना? मोठ्यानं म्हणाली. पाद्रीनंही म्हटलं, तीनदा बुडवताना तीनदा म्हटलं. माझ्या आईसारखी म्हणाली, मधलं अक्षर ओढून. आता असं कोणी म्हणत नाही.

बंद कर. — नाही, मला आनंदच झालाय. नाही का होणार? नातीला माझं नाव लागलं, घंटा वाजल्या, बदाम वाटले. पण तुला समजायचं नाही गं. वर्षभर मी मनात तिच्याशी भांडतेय. वेलींत वाकले की सुरू. एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं, तिनं स्मारो म्हणायचा अवकाश. ती वाक्यं आता मी कुठं टाकू? तेवढं एक गाऱ्हाणं तरी ठेवायचं ना माझ्याकडे. हॉटेल तिचं, मुलगा तिचा, मावळतीची सगळी बाजू तिची, आणि आता माझं नावसुद्धा — तिनं दिलं म्हणून. माझ्या नातीला माझं नाव, आणि उपकार तिचा! उद्या बेकरीवाली म्हणेल, काय मन आहे बाईचं. अनेझिनाचा गुडघा आणि स्मारोचं मन. सात पिढ्या बोलतील. आणि माझी वाट बघत होती दाराकडे, पाहिलंस ना, पोरगी तेलानं थबथबलेली हातात, सगळं देऊळ थांबवून माझी वाट बघत होती ती. कोणी सांगितलं होतं तिला वाट बघायला? मी सांगितलं होतं, बघू नका.

मी असते तर काय केलं असतं, असं विचारतेस? मी स्मारो असते तर? मी स्मारो ठेवलं असतं. डोळे मिटून.

चल, ऊठ आता, तुझी बस चुकेल. शाल घे. ती परातही घेऊन जा, जड नाही, मांडीवर धर. तिच्याकडे गच्चीत सगळे जमले असतील, त्यांना दे. कोणी पाठवली म्हणायची गरज नाही, चाखल्यावर कळेल त्यांना. जा. आणि जाताना दार ओढून घे, मला कपडे बदलायचेत. — नाही गं, कुठं जायचं नाहीये मला. नुसते बदलायचेत. जा तू.