दोन सायकलींचा कॅरियर

(भिवंडी. शुक्रवारची सकाळ. विठूचं सायकलचं दुकान. बाहेर नीरजाबाईंची गाडी उभी आहे. आत नीरजाबाई आणि त्यांची जुनी मैत्रीण जुबैदा बसल्या आहेत.)

विठू : टपावरचा नका घेऊ, बाई. सायकल डोक्याच्या वर उचलावी लागंल. आन् टॉवरच्या पार्किंगचं छत किती खाली असतंय, तुम्हाला म्हाईत हाय. एखाद्या दिवशी इसरून आत घुसाल, गाडी आत आन् सायकल बाहेर.

नीरजा : मग डिकीवर बांधायचा दाखव. पण दोन सायकली मावल्या पाहिजेत.

जुबैदा : एकाचा पण येत असेल ना, विठू?

नीरजा : एकाचा कशाला? तुझी काय तू मांडीवर घेऊन बसणार आहेस? विठू, माझी आणि हिची, दोन्ही लेडीज.

विठू : लेडीजचा मधला दांडा तिरका असतोय. त्याला हा वेगळा आडवा दांडा लावायचा, मग लटकंल. तुमचा एक झाला. भाभी, तुमचा पन काढू का?

जुबैदा : तू आधी पट्टे दाखव. रस्त्यात सुटणार नाहीत ना?

विठू : न्हाय सुटत. फक्त नंबर प्लेट झाकली तर ट्रॅफिकवाला मामा अडवनार, एवढं बघायचं.

नीरजा : अडवू देत. टॉवरहून इथे यायला सायकलवर कशेळीचा खाडीपूल ओलांडण्यापेक्षा ते बरं. मागे एकदा निघाले होते ना मी, तर कंटेनरवाल्याने कानाशी असा हॉर्न मारला की उतरले आणि ढकलत घरी गेले. आता कसं, माझी गाडीला बांधून आणेन, तुझी दारातून उचलेन. अकलोलीच्या अलीकडे गाडी लावू आणि पुढे दोघी सायकलवर. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसू, पूर्वीसारख्या.

जुबैदा : तुझ्या टॉवरमध्ये सायकलवाल्यांचा ग्रुप आहे बोलली होतीस.

नीरजा : आहे. रविवारी जातात.

जुबैदा : मग जा ना.

नीरजा : रविवारी? सायकल शुक्रवारी चालवायची असते.

जुबैदा : भिवंडीत. लूम बंद, टेंपो बंद, रस्ता खाली. तिकडे कोण पाळतो शुक्रवार?

नीरजा : कोणी नाही. ते मला चांगलंच कळलंय.

जुबैदा : म्हणजे?

नीरजा : हसू नकोस. नवं घर लावून झालं तेव्हा मजल्यावरच्या सगळ्यांना नाश्त्याला बोलावलं. दारोदार जाऊन. शुक्रवारी सकाळी.

जुबैदा : या अल्ला.

नीरजा : शाळेला सुट्टी शुक्रवारी, गावाला सुट्टी शुक्रवारी. जन्म त्यात गेला. माणसं शुक्रवारी ऑफिसला जातात हे डोक्यातच आलं नाही. सगळे ‘हो हो’ म्हणाले आणि कामावर गेले. पातेलंभर पोहे केले होते. समोरचे आजोबा तेवढे दारात आले, तेही त्यांचं कुरिअर माझ्याकडे दिलंय का विचारायला.

विठू : वॉचमनला द्यायचे, बाई.

नीरजा : दिले. तो म्हणाला, मॅडम, पार्टी कॅन्सल झाली का?

जुबैदा : त्या रात्री फोनवर बोलली का नाहीस?

नीरजा : तू म्हणाली असतीस, बघ, मी बोलली होती ना, इथलं घर विकू नको.

जुबैदा : बोलली असती. आणि रिक्षा करून पोहे खायला आली पण असती.

नीरजा : म्हणून तर दोनाचा घेतेय. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं गं तिथे. लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये बघतात. आठवड्यातून एक दिवस कोणीतरी माझी वाट बघतंय, एवढं मला पुरे. विठू, पार्किंगसाठीही दोनाचं स्टँड दे. सोसायटी खांबाला भोक पाडू देत नाही, तेव्हा जमिनीवर उभं राहणारं. हिची सायकलही माझ्याकडेच ठेवू, म्हणजे दर वेळी हिच्या दारात चढव-उतरव नको.

विठू : हाय तसं, एकावर एक लटकायचं. पन बाई... भाभी, तुम्ही सांगता का मी सांगू?

नीरजा : काय सांगायचंय?

जुबैदा : सायकल नाही माझ्याकडे. नूरैनला दिली. कॉलेजला नेते ती. विठूनेच सीट वर करून दिली, नातीचे पाय लांब आहेत.

नीरजा : कधी?

जुबैदा : रमजानच्या आधी. चक्कर येते मला. कानातलं काय ते बिघडलंय. डॉक्टर बोलला, चाचीजान, सायकल आता विसरा.

नीरजा : आणि मला फोनवर रोज ‘हां, जाऊ ना, जाऊ ना’.

जुबैदा : तू रोज पुढच्या शुक्रवारचं बोलायचीस. आधी कुठे थांबायचं, डबा कोण आणणार. मी सांगितलं असतं, तर रात्री काय बोललो असतो आपण?

नीरजा : काहीही बोललो असतो.

जुबैदा : मला भीती वाटली, नीरजा. घर विकलंस, शाळेतून रिटायर झालीस. सायकल पण नाही, तर ही बाई भिवंडीत येईल कशाला?

नीरजा : वेडी आहेस.

जुबैदा : असेन. तू एकाचा घे. रविवारी त्यांच्याबरोबर जा. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही, तू पण बोलू नको. मागून चालव. कोणाची तरी चेन पडतेच, तेव्हा थांब.

नीरजा : आणि शुक्रवारी?

जुबैदा : शुक्रवारी घरी ये, जेवायला. पण मुलं नमाज करून येतात, घर भरलेलं असतं. पूर्वीसारख्या आपण दोघीच, तसं नाही होणार.

नीरजा : नाही होणार.

विठू : मग, बाई? एकाचा काढू?

नीरजा : काढ.

विठू : आन् स्टँड?

नीरजा : स्टँड राहू दे. एका सायकलला काय, भिंतीला टेकवली तरी चालतं.

विठू : पाच मिनिटांत बसवून देतो. भाभींना पन घरी जायचं असंल.

नीरजा : पाच मिनिटांत नको, विठू. सावकाश बसव. आम्ही आहोत इथे बसलेल्या.