वरची दाढ आणि सुईचं नेढं

…आणि वर आमची ही मलाच म्हणते, "अहो, विचारायला काय जातं?" आता तुम्हीच सांगा, विचारायला काही जात नाही हे मला कळत नाही का? पण उत्तर आलं की ते ऐकावं लागतं ना! न विचारता माणूस कसा निवांत असतो. म्हणजे ठणका असतो, गाल सुजलेला असतो, एकाच बाजूने चावतो… पण निवांत.

तुम्हाला सांगतो, सहा महिने ही वरची दाढ ठणकत होती. सहा महिने! लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, मशीन चालवताना गाल खांद्याला टेकवून बसलो. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, मान धरली का?" मी म्हणायचो, "हो, मानच."

दाखवायचं की, म्हणाल तुम्ही. दाखवलं असतं हो! पण मी ज्यांच्या हाताखाली शिलाई शिकलो, त्यांनी वरची दाढ काढली आणि वर्षाच्या आत त्यांना सुईचं नेढं दिसेना. मला बजावून सांगितलं होतं, "वरच्या दाढेला हात लावू देऊ नकोस, नजर जाते." आणि शिंप्याची नजर गेली म्हणजे… राहिलं काय?

बरं, माझ्या एकट्याचं असतं तर गोष्ट वेगळी. हिला पाच वर्षं झाली, चष्मा लावूनही जवळचं धड दिसत नाही. बटणं लावते, तुरपाई करते, सगळं बोटांनी चाचपून, आणि टाका बघाल तर सरळ रेषेत! पण दोरा काही सुईत जात नाही. म्हणून रोज सकाळी चहा झाला की मी वीस सुया ओवतो, दहा पांढऱ्या डावीकडे, दहा काळ्या उजवीकडे, आणि तिच्या सुयांच्या उशीला टोचून ठेवतो. दिवसभर ती एकेक उपसते. माझी नजर गेली तर त्या वीस सुया कोण ओवणार? सांगा ना! आणि हे तिला सांगायचं तरी कसं? मी आपला गप्प. तिचं मात्र रोज चालूच, "अहो, डॉक्टरांना विचारा तरी, विचारायला काय जातं?"

शेवटी परवा गाल असा फुगला की टेप लावून मोजावा. हिने हात धरून नेलं. डॉक्टरीण अगदी पोरसवदा, नातीच्या वयाची. खुर्ची मागे झुकवली, चष्मा काढून घेतला, दिवा तोंडावर आणि प्रश्न सुरू! "काका, दिवसातून किती वेळा घासता? झोपताना घासता का? हिरड्यांतून रक्त येतं?" माझ्या तोंडात आरसा, मी नुसता आ… आ… मग म्हणते, "समोरच्या दाताला खाच पडलीय. शिंपी का तुम्ही? दोरा दाताने तोडता ना? मग कातर कशाला घेतलीय?" चाळीस वर्षं ही हेच सांगत आलीय. हिला मी म्हणतो, तुला काय कळतं. त्या पोरीला काय म्हणणार, तिच्या हातात चिमटा!

"काढावी लागेल," म्हणाली. "आधी आला असता तर वाचवता आली असती. काही विचारायचंय का?"

मी मान हलवली… नाही म्हणून. तर दाराशी बसलेली आमची ही ताडकन उठली, "मला विचारायचंय! यांच्या गुरूंची गेली होती म्हणे… वरची दाढ काढली की नजर जाते का हो?"

मी थक्क! अहो, मी हिच्यापाशी अवाक्षर काढलं नव्हतं!

डॉक्टरीण हसली नाही हं. त्यासाठी मी मानलं तिला. म्हणाली, "नाही हो मावशी. दाढेची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. ज्या वयात दाढा पडतात त्याच वयात नजरही उतरते, आणि आळ येतो बिचाऱ्या दाढेवर."

"नक्की?"

"नक्की."

"अगदी नक्की?"

खुर्चीत मी होतो की ही?

काढली. कळलंसुद्धा नाही. कापूस चावत उठलो आणि पहिलं काय केलं? कॉलरखालची सुई काढली, खिशातला दोरा काढला, ओवायला गेलो… नेढंच नाही! सुईच्या दोन सुया! कापसातून कसाबसा म्हणालो, "गेली गं…"

ही आली, टेबलावरचा चष्मा उचलला, माझ्या नाकावर ठेवला. "आता ओवा."

ओवली. पहिल्याच फटक्यात!

मला वाटलं आता हसेल. तर ही डोळे पुसतेय. मग त्या ओवलेल्या सुईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी उठलो त्याच खुर्चीत जाऊन बसली. "डॉक्टर, माझीपण वरचीच दुखतेय. वर्ष झालं."

वर्ष! आलं ध्यानात? इतके दिवस "विचारा, विचारा" चाललं होतं ते कोणासाठी? मी चिडलो, म्हणजे कापसातून जेवढं चिडता येतं तेवढं. "अगं, मग स्वतः विचारायचंस की! विचारायला काय जातं?"

तर हळूच म्हणते, "दाढ काढाच म्हणाले असते, आणि आहे तेवढीही नजर गेली असती, तर तुम्ही ओवलेल्या सुया मला उशीवर सापडल्या असत्या का?"

मी आपला दाराशी जाऊन तिच्या जागेवर बसलो.

आणि तुम्हाला सांगतो, हिची दाढ वाचली! सहा महिने गप्प बसलेल्याची गेली आणि वर्षभर गप्प बसलेलीची वाचली. असं कसं, हे डॉक्टरणीला विचारणार होतो. पण नको म्हटलं… उत्तर आलं की ते ऐकावं लागतं ना!