जावयाचं सलून, सासऱ्यांची खात्री

...आणि हे सगळं मीच शिकवलं हो, दुसऱ्या कुणाला बोल लावू? तुम्हाला सांगतो, सलूनमध्ये केस हे नुसतं निमित्त, माणूस येतो तो बोलायला. कुठलं धरण फुटलं, कुठला नट गेला (तो संध्याकाळी टीव्हीवर नाचताना दिसतो, ते सोडा)... आपण 'हो का, अरेरे' करत, चार गोष्टी पदरच्या घालत कात्री चालवायची. धंदा आहे हा! आणि तिथे बाकावर आमचे सासरे, मोबाईल नाकाला लावून, "लिहिलंय कोणी? कधी? आणि दुसरं कोण म्हणतंय?"

झालं काय, मागे कुठल्याशा मेसेजवरून यांनी बीपीची गोळी बंद केली आणि लिंबाच्या साली उकळून पीत बसले. चक्कर येऊन बाथरूमच्या दारात आडवे! बायको माझी रडून अर्धी झाली. तेव्हा मी जवळ बसवून शिकवलं, की बाबा, मेसेज आला की बघायचं, लिहिलंय कोणी, कधी, आणि एखाद्या मोठ्या इस्पितळाची साइट, चांगलं वर्तमानपत्र, तेही हेच म्हणतंय का. मला काय माहीत, माणूस इतकं मनावर घेईल?

आता गिऱ्हाईक म्हणतं, "उद्यापासून बँका बंद." की हे सुरू, "थांबा... बँकेच्या साइटवर असं काही नाही." त्याच्या अर्ध्या गालाला फेस, तो पंख्याकडे बघत बसतो. दुसरा पुराचा फोटो दाखवतो. हे तो फोटो नेटवर शोधतात, "जुना आहे, आणि दुसऱ्याच देशातला." तो फोन खिशात घालतो. अहो, माझ्या सलूनमध्ये कात्रीचा आवाज ऐकू यायला लागला! माणसं निघाली कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये. तिथे धरणं रोज फुटतात.

बायकोला म्हटलं, बाबांना घरी बसव, नाहीतर दुकानाला कुलूप लागेल. ती म्हणते, "तुम्हीच सांगा." मी कुठल्या तोंडाने सांगू? बाथरूमच्या त्या दारातून मी त्यांना उचललंय. जीव आहे हो माझा त्यांच्यावर.

मग गोडीत घेतलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही घरी आराम करा. आपल्याला नेटवर पाच तारे आहेत, दुकान आपोआप चालतंय."

चष्मा वर गेला. "लिहिलंय कोणी?"

मेलो! एकेक नाव वाचत गेले. "ही माझी मुलगी. हा माझा मुलगा. या विहीणबाई... आणि हा... अहो जावईबापू, हा तर मीच! मी कधी लिहिलं?"

बायकोने त्यांच्याच फोनवरून लिहिलं होतं, आता काय सांगणार... त्यांनी तिथल्या तिथे ते पुसलं आणि नवीन लिहिलं. तारे तीन. 'हात हलका आहे. बडबड फार. मी इथे रोज बसतो, स्वतः पाहिलं आहे.'

जावयाला तीन तारे! म्हटलं, संपलं दुकान. तर दुसऱ्या आठवड्यापासून अनोळखी माणसं यायला लागली. एकाला विचारलं, अहो, कोपऱ्यावर पाच तारेवाला आहे, इथे कसे? म्हणे, "तिथलं लिहिलेलं सगळं गोडगोड आहे, पटत नाही. तुमचं खरं वाटलं."

आता खुर्च्या भरलेल्या असतात, देवाच्या आणि सासऱ्यांच्या कृपेने. फक्त जो तो बसतो, मान मागे टाकतो आणि डोळे मिटून आधीच सांगतो, "बोलू नका हं."