ड्यूस झाला, सोडवा!

टेनिसचं नाव काढलंस म्हणून सांगतो. आमच्या आप्पांनी एकदा भारताची मॅच बरोबरीत सोडवलीया!

नव्वदीतली गोष्ट. परदेशात डेव्हिस कप चालू होता आणि गल्लीतली समदी पोरं आमच्या टीव्हीम्होरं बसलेली. शेवटचा सेट, आपला गडी जिंकायच्या बेतात. आमचं वडील आप्पा जुनं पैलवान, जत्रेतल्या कुस्त्यांचं पंच. टेनिस त्यांनी जल्मात बघितलं नव्हतं.

"ड्यूस म्हंजे काय रं?"

"बरोबरी, आप्पा."

जरा वेळानं परत ड्यूस. मग आणिक एकदा.

"आता काय म्हणतोय?"

"परत बरोबरीच."

आप्पा उठलं आणि खटकन टीव्ही बंद केला. "सुटली कुस्ती बरोबरीत! दोघांसाठी टाळ्या वाजवा आणि जेवायला चला."

आम्ही बोंबललो, "आप्पा, निकाल व्हायचाय की अजून!"

"गप बसा! दोघंबी दमल्यात, दिसत न्हाय व्हय? दमलेल्या गड्यांस्नी सोडवायचं असतंय."

आप्पांपुढं टीव्हीला हात लावायची कुणाची टाप? आपण जिंकलो, हे सकाळी पेपरात कळलं. आप्पा बातमी ऐकून एवढंच म्हणालं, "तितला पंच कच्चा हाय."

आप्पा जाऊन लई वर्षं झाली. पण अजून आमचं नवराबायकोचं भांडण लांबलं, की बायको म्हणती, "ड्यूस झाला की वो. सोडवा आता."

मग आम्ही दोघं गप जेवायला बसतो.