दार लावून ऐक, भो

माझं सगळं बदललं ते आत्ता, मघाशी. सुभाषआबांनी खिशातून मोबाइल काढला, माइकला लावला आणि ते गाणं वाजवलं, तेव्हा.

नाना, अक्का, शेठ, आबा, सर, आणि जमलेली बठ्ठी मंडळी. मी हर्षल. पंकजचा मित्र. मित्र होतो का, हेच आता मला कळत नाहीये. शेठ मला कालपासून म्हणत होते, तूही दोन शब्द बोल. मी नाही म्हटलं. मला बोलता येत नाही. मला भांडता येतं. आणि हार घातलेल्या फोटोशी भांडायचं कसं?

पण आबा, तुम्ही ते वाजवलंत आणि मला बसवेना.

तुम्ही काय म्हणालात मघाशी? "मी पंकजले सांगं, ट्रॅक्टरवर लावाले लगीनना गाणा भरी दे. त्यानी भरी दिधात. आनि शेवटले हाई एक भरी दिधं. म्हने, आबा, फक्त तुमनासाठे. कोनलेच सांगू नका." असंच म्हणालात ना? मग तुम्ही एरंडोलच्या रस्त्याला ट्रॅक्टर बाजूला घेतला, बंद केला आणि ऐकलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझे नाही आले. माझं डोकं फिरलं.

कारण ते गाणं माझं आहे. फक्त माझं. मला तसंच सांगितलं होतं त्याने.

थांबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नीट सांगतो. पंकज धुळ्याचा, देवपूरचा, या नानांचा मुलगा. इथे जळगावात शेठच्या मोबाइलच्या दुकानात कामाला. लोक पेनड्राइव्ह घेऊन यायचे. ट्रॅक्टरला, पिकअपला, हळदीला. "पंकज, भरून दे." जे मागितलं ते सगळं तो भरून द्यायचा. आणि शेवटी एक न मागितलेलं. कुठल्यातरी खोलीत बसून चार पोरांनी केलेलं, ज्यांना त्यांच्या गल्लीतही कोणी ओळखत नसेल असं. कुठून शोधायचा देव जाणे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कानात बोंडं घालून बसायचा, कपाळाला आठी, जसा काही मोबाइलमधला बिघाड ऐकतोय.

त्याने "छान आहे" म्हणून कधी गाणं दिलं नाही. "हे जेवायच्या आधी ऐक." "हे ऐकताना चालू नको." "पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही, पण पळवू नको." एक होतं नागपूरकडच्या पोरीचं. स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेलं. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि ती तशीच ठेवलेली. मी म्हटलं, हे चुकलंय. तो म्हणाला, "भो, तीच तर जागा आहे. शिट्टीनंतर तिचा आवाज बघ." परत ऐकलं. शिट्टीनंतर तिचा आवाज खरंच बदलतो. घरात कोणीतरी आलंय आणि आता हळू गायचंय, असा. एक होतं ईशान्येकडच्या पोरांचं. भाषेचं अक्षर कळत नव्हतं. ड्रम इतका लांबून, की शेजारी कोणी मिरची कुटतंय असं वाटावं. ते ऐकून मी दोन दिवस कोणाशी भांडलो नव्हतो. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आणि प्रत्येक गाण्याला त्याची एक अट. दार लावून ऐक.

आमच्या घरी दाराला दार कुठलं, पडदा. मी मोरीत जाऊन ऐकायचो. आई बाहेरून विचारायची, "पोट बिघडलं का रे?"

हसा, हसा. तोही हसायचा.

मग हे गाणं. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी दिलं त्याने. सरांशी माझं वाजलं होतं, मी वर्गातून उठून सरळ बाहेर आलो तो परत गेलोच नाही. सर समोर बसलेत, माझी नजर चुकवतायत. असू द्या सर, आज तो विषय नाही. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. पंकजने का, कसं, काही विचारलं नाही. म्हणाला, "एक गाणं आहे. साक्रीकडचा कोणी पोरगा आहे, नावही टाकलेलं नाही त्याने. गिटार आणि अहिराणी. हे फक्त तुला. कोणाला पाठवू नको." आता आबांनी वाजवलं तेच. तीच ओळ फिरून फिरून येते, "तू आठेच शे ना?" तू इथेच आहेस ना? पहिल्यांदा लाडाने विचारतो. मग संशयाने. मग भीतीने. माझ्याच मनातून कोणीतरी चोरून नेऊन गायल्यासारखं वाटलं मला.

आता पुढचं सांगतो. शोकसभेत सांगायचं नाही हे मला कळतं. शेठ, हाताने खूण करू नका, मी बसणार नाही.

मला एक मुलगी आवडते. जागृती. चाळीसगावहून रोज गाडीने कॉलेजला येते. इथेच आहे, खिडकीजवळ. मान खाली घातलीय तिने. घालू दे. एकदा स्टेशनबाहेर चहा पीत होतो आम्ही. नुसता चहा. तिने कप ओठाला लावला, काढला आणि माझ्याकडे बघून गुणगुणली. "तू आठेच शे ना?"

माझं गाणं! फक्त माझं!

मी विचारलं, कुठून आलं हे तुझ्याकडे? म्हणाली, "पंकजने दिलं, पण ऐक ना..." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. तडक दुकानात. म्हटलं, ते गाणं आणखी कोणाला दिलंस? तो पेनड्राइव्ह भरत होता. वर न बघता म्हणाला, "या गावात असली गाणी घेतं कोण, भो?"

तुम्ही सांगा, हे उत्तर झालं का? ज्याला लपवायचं असतं तोच प्रश्नावर प्रश्न टाकतो. त्याचे कान लाल झाले होते. पाहिले मी.

त्यानंतरही मी दुकानावर जायचो. पण पहारा ठेवायला. समोरच्या पानटपरीला टेकून उभा. जागृती तिकडे वळते का, हा तिला बघून हसतो का. तो आतून हाक मारायचा, "हर्षल, उन्हात कशाला? ये, नवीन आलंय." नवीन आलंय! मला वाटायचं, हा मला लाच देतोय. एकाला गाणं, एकीला गाणं, आणि मधल्या मधे मी येडा.

मग त्याला ताप आला. साधा आहे म्हणाले. साधा, साधा म्हणता नानांनी धुळ्याला नेलं. मी दवाखान्यात गेलो तो त्याला विचारायलाच गेलो होतो. नळ्या लावलेल्या. विचारलं नाही. आणि तो गेल्यावर देवपूरला द्वारदर्शनाला, घरच्यांना भेटायला गेलो, ओट्यावर नानांचा हात हातात धरून बसलो, तेव्हाही माझी नजर आत बायकांच्या घोळक्यात. जागृती किती रडते? मित्रासारखी रडते की जास्त? नाना, राग आला तर उठून मला कानाखाली द्या. पण मी तेच बघत होतो. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मीही नाही.

आणि आज आबा उठतात आणि म्हणतात, "फक्त तुमनासाठे."

आता मला एक करू द्या. ज्यांना ज्यांना पंकजने हे गाणं "फक्त तुम्हाला" म्हणून दिलं, त्यांनी हात वर करा. लाजू नका.

आबा, तुमचा धरलाच. शेठ? तुम्ही तर त्याला ओरडायचात, असली रडकी गाणी दुकानात नको म्हणून! तो मागे रिक्षावाला दादा. मेडिकलवाले काका. आणखी हात. सर? सर, तुम्ही पण? पगाराचा दिवस होता म्हणता? गाडीच्या पेनड्राइव्हवर शेवटी? ऐकलंत का? पूर्ण ऐकलंत. बरं.

अक्का, तू तर सख्खी बहीण. तुलाही हेच सांगितलं त्याने?

काय? मोठ्याने बोल, मागे ऐकू जात नाही. अक्का म्हणतेय, "अरे हर्षल, ग्रुपवर टाकलं की लोक अंगठा टाकतात आणि पुढे जातात. फक्त तुला म्हटलं, की बसून ऐकतात. तो घरीही असंच करायचा. आईने केलेला लाडू मला आणि नानांना वेगवेगळं बोलावून द्यायचा, 'फक्त तुला' म्हणून."

म्हणजे खोटारडा होता. अख्ख्या जळगावला गंडवलं त्याने, एकेकाला धरून.

सगळ्यांचे हात वर आहेत. एक सोडून.

जागृती, तुझा हात खाली का?

आता बोल. इतक्या लोकांसमोर विचारतोय, मला माहीत आहे. तुला "फक्त तुला" नाही म्हणाला? मग काय म्हणून दिलं? सगळ्यांना एक आणि तुला वेगळं, तेच तर मी म्हणत होतो!

काय?

परत सांग.

मंडळी, ती म्हणतेय, पंकज तिला म्हणाला, "हे हर्षलने तुझ्यासाठी दिलंय. तो मानी आहे, स्वतः देणार नाही. आवडलं तर त्याच्यासमोर गुणगुण."

...

पाणी नको, शेठ.

खरं सांगतेस? का मेलेल्या माणसाला सांभाळून घेतेस? शंका येते मला. येणारच. मी काहीच दिलं नव्हतं तिला. देणार होतो, रोज देणार होतो. म्हणजे तिच्याशीही तो खोटंच बोलला. बाकी सगळ्यांशी गाण्यासाठी बोलला, आणि तिच्याशी... कान म्हणून लाल झाले होते का, भो? सांगितलं का नाहीस? मी समोर उन्हात उभा राहून तुझ्यावर नजर ठेवतोय, आणि तू आतून हाका मारतोस, नवीन आलंय!

पुरावा काही नाही. तो फोटोत हसतोय, एवढंच. हसण्याचं काय, ते तो गिऱ्हाइकालाही बघून हसायचा.

मंडळी, शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायची पद्धत आहे. नाना, तुमची परवानगी असली तर शांतता नको. हे गाणं पूर्ण होऊ द्या. मघाशी आबांनी मध्येच बंद केलं. उभे राहू नका, बसूनच ऐका. पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही. कोणी खोकू नका, मोबाइल बघू नका. नाना मान हलवतायत. आबा, लावायला घ्या.

पण हे दार. याची कडी निखळलीय, आतून ओढलं तर परत उघडतं. आणि बाहेर रस्त्यावर वरातीचा डीजे येतोय, ऐका. कोणीतरी बाहेर उभं राहून धरलं तरच हे लागतं. त्याची अट तुम्हाला माहीत आहे.

मी धरतो. मला पाठ आहे ते.

जागृती, तू ऐक. नीट ऐक, तो तिसऱ्यांदा विचारतो ती जागा ऐक. संपलं की बाहेर ये किंवा नको येऊ. मी दाराशीच आहे.

पंकज, भो, माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही तुझ्यावर. रामराम घे. तू आठेच शे ना?

दुखवट्यातून निघताना येतो म्हणत नाहीत. म्हणून म्हणत नाही. आबा, लावा.

मी दार ओढून घेतोय.